वैद्यकीय आहाराचे डबे: कोणत्या रुग्णाला कोणता, आणि का?

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावात मोठ्या आजाराचे उपचार बहुतेक वेळा बाहेर होतात. कुणी पंढरपूरला जातं, कुणी सोलापूरला, कुणी मिरजेला. रुग्ण घरी परततो तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर औषधं तपशीलवार लिहिलेली असतात, पण आहाराबद्दल अनेकदा एकच ओळ असते: 'प्रथिनयुक्त आहार घ्यावा'. मग घरातलं कुणीतरी मेडिकल दुकानात जातं आणि म्हणतं, "पेशंटसाठी ताकदीचा एखादा डबा द्या." फळीवर एकसारखे दिसणारे पाच-सहा डबे असतात. त्यांतला एखादा खरोखर उपयोगी पडतो, एखाद्याने काहीच बिघडत नाही, फक्त पैसे जातात, आणि एखादा त्या विशिष्ट रुग्णाला अपायही करू शकतो. हे डबे वेगवेगळे का असतात, त्यांचे गट कशावरून पाडले जातात आणि डबा हातात आल्यावर त्यावर काय वाचायचं, ते या लेखात पाहू.

वैद्यकीय आहार म्हणजे काय?

आपल्याकडे आजाऱ्यासाठी वेगळं अन्न ही कल्पना जुनीच आहे. तिला आपण पथ्य म्हणतो. पथ्याचीही स्वतःची वर्गवारी आहे: हलकं आणि जड, उष्ण आणि थंड, वातूळ. ताप आला की पेज, पोट बिघडलं की ताक-भात, बाळंतिणीला डिंक-अळीव. ही वर्गवारी अन्नाच्या गुणावरून होते. आधुनिक वैद्यकीय आहाराची वर्गवारी उलट्या बाजूने सुरू होते. या रुग्णाचं शरीर नेमकं कोणतं काम करू शकत नाही, हा तिचा पहिला प्रश्न असतो. गिळता येत नाही? पचत नाही? शोषलं जात नाही? की शोषलेलं बाहेर टाकता येत नाही? उत्तर बदललं की डबा बदलतो.

भारतात या पदार्थांचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआय ठरवतं. २०१६ च्या अखेरीस प्राधिकरणाने एक नियमावली अधिसूचित केली. तिने दुकानात शेजारी-शेजारी मांडल्या जाणाऱ्या पदार्थांची कायद्याच्या दृष्टीने फारकत केली. 'हेल्थ सप्लिमेंट' म्हणजे निरोगी माणसाच्या रोजच्या आहारातली भर. 'फूड फॉर स्पेशल डाएटरी यूज' म्हणजे विशिष्ट शारीरिक स्थितीमुळे वेगळा आहार लागणाऱ्यांसाठीचा पदार्थ. आणि 'फूड फॉर स्पेशल मेडिकल पर्पज', म्हणजे ज्यांना नेहमीचं अन्न घेणं, पचवणं किंवा शरीरात वापरणं जमत नाही अशा रुग्णांसाठी, वैद्यकीय देखरेखीखाली द्यायचं अन्न. आपला विषय मुख्यतः हा तिसरा गट आहे.

या गटातला पदार्थ कायद्याने औषध नसतो, अन्नच असतं. त्यामुळे तो आजार बरा करतो असा दावा करता येत नाही. तो कोणत्या स्थितीच्या 'आहार-व्यवस्थापनासाठी' आहे एवढंच लिहिता येतं. मात्र त्यावर 'रेकमेंडेड टू बी यूज्ड अंडर मेडिकल ॲडव्हाइस ओन्ली' हे वाक्य असावंच लागतं. हेल्थ सप्लिमेंटच्या डब्यावर याउलट 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं असतं. हे दोन इंग्रजी शब्दसमूह ओळखता आले तरी दुकानातला निम्मा गोंधळ मिटतो. समोरच्या बाजूचं डॉक्टरांचं किंवा सुदृढ कुटुंबाचं चित्र काहीही सांगत नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरं सांगतात.

पहिला प्रश्न: हेच जेवण, की जेवणात भर?

युरोपीय संघाच्या नियमांत वैद्यकीय आहाराचे तीन गट आहेत आणि जगभरचे आहारतज्ज्ञ साधारण याच चौकटीत विचार करतात. पहिला, पोषणाच्या दृष्टीने परिपूर्ण आणि सर्वसाधारण घडणीचा. रुग्णाने दुसरं काहीही न घेता फक्त यावर राहायचं ठरवलं तरी चालेल, असा. दुसरा, परिपूर्णच, पण एखाद्या आजारासाठी घटक कमी-जास्त केलेला. तिसरा, अपूर्ण. म्हणजे ज्यावर एकट्यावर माणूस राहू शकत नाही, जो इतर अन्नात मिसळायचा किंवा त्याच्या जोडीला द्यायचा असतो.

ही विभागणी पुस्तकी वाटते, पण घरात होणारी सगळ्यात सामान्य चूक इथेच होते. नुसती प्रथिनांची पावडर तिसऱ्या गटात मोडते. तिच्यात पुरेशी ऊर्जा नसते आणि सगळी जीवनसत्त्वंही नसतात. नळीवर असलेल्या रुग्णाला दिवसभर तीच पाण्यात कालवून दिली, तर डबा महागाचा असूनही रुग्ण उपाशीच राहतो. घरगुती अन्नातही हाच घोळ असतो. 'डाळीचं पाणी' देतो म्हणताना आपण बहुधा वरचं निवळ पाणी देतो आणि प्रथिनं खाली डाळीत राहतात. घोटून, गाळणीतून दाबून काढलेलं कढण आणि वरचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सर्वसाधारण परिपूर्ण मिश्रण सूचनेप्रमाणे कालवलं की बहुधा एका मिलिलिटरला एक किलोकॅलरी ऊर्जा देतं. दिवसाला १५०० किलोकॅलरी हव्या असतील तर दीड लिटर लागेल, असा सोपा हिशोब मांडता येतो. 'रोज दोन चमचे दुधातून' अशा पद्धतीने घेतलं तर तोच डबा केवळ चवीपुरता उरतो.

आतडं किती काम करतंय?

प्रथिनं, स्निग्ध आणि पिष्टमय पदार्थ अखंड स्वरूपात असलेलं मिश्रण आतडं व्यवस्थित असलेल्या रुग्णासाठी असतं. अर्धांगवायू झालेला, जबड्याची शस्त्रक्रिया झालेला, अन्नावरची वासना उडालेला, यांची पचनसंस्था बहुधा शाबूत असते. त्यांना साधं मिश्रण पुरतं आणि ते तुलनेने स्वस्तही असतं.

आतड्याचा मोठा भाग काढून टाकला असेल किंवा स्वादुपिंड पाचकरस तयार करत नसेल तर प्रथिनं आधीच तोडून लहान तुकड्यांच्या रूपात द्यावी लागतात. यांना पेप्टाइडयुक्त मिश्रणं म्हणतात. त्याही पुढची पायरी म्हणजे थेट अमिनो आम्लं. स्निग्धाच्या बाबतीत मध्यम लांबीच्या साखळीचं तेल वापरतात. साध्या तेलाला शोषण्यासाठी पित्त लागतं आणि ते रसवाहिन्यांमार्गे जातं, तर हे तेल थेट यकृताकडच्या रक्तात उतरतं. छातीत रसवाहिनी फुटून दुधाळ द्राव साचणाऱ्या रुग्णांना याच कारणासाठी ते देतात. चवीला ही मिश्रणं कडवट असतात आणि किंमत बरीच जास्त असते. ज्याचं आतडं ठणठणीत आहे त्याला ती 'पचायला हलकी' म्हणून देण्यात काही हशील नाही.

मूत्रपिंड: एकाच आजाराचे दोन उलटे डबे

आजाराच्या नावावरून डबा निवडला की कसं फसायला होतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मूत्रपिंडाचं आहे.

मूत्रपिंड हळूहळू निकामी होत आहे, पण डायलिसिस सुरू झालेलं नाही, अशा रुग्णाला प्रथिनं बेताने द्यायची असतात. प्रथिनं शरीरात वापरली गेल्यावर उरणारा कचरा मूत्रपिंडालाच बाहेर टाकावा लागतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने मधुमेह नसलेल्या अशा स्थिर प्रकृतीच्या रुग्णांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिनं सुचवली. २०२४ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ०.८ ग्रॅमचा आकडा धरला आहे. डायलिसिस सुरू झालं की चित्र पालटतं. प्रत्येक वेळी रक्ताबरोबर अमिनो आम्लंही धुतली जातात, आणि गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आधी रोज ३३ ते ४८ ग्रॅम आणि नंतर ६० ते ७२ ग्रॅम. आजार तोच, माणूस तोच, डॉक्टरही तेच, पण डबा वेगळा. म्हणून मूत्रपिंडासाठीच्या डब्यांचेही 'डायलिसिसपूर्व' आणि 'डायलिसिसवरील' असे दोन प्रकार असतात. दोन्हींवर मूत्रपिंडाचंच चित्र असतं, त्यामुळे घेताना बारीक अक्षरं वाचावीच लागतात. 'अशक्तपणा आलाय' म्हणून डायलिसिसपूर्व रुग्णाला व्यायामशाळेतली प्रथिन-पावडर देणं हा तर थेट उलटा उपचार आहे.

या डब्यांची आणखी एक खूण म्हणजे ऊर्जेची घनता. डायलिसिसवरच्या अनेकांना पाणी मोजून प्यावं लागतं. त्यांच्या मिश्रणात एका मिलिलिटरला १.८ ते २ किलोकॅलरी भरलेल्या असतात, म्हणजे पाऊण लिटरमध्ये दिवसाचं भागतं. पोटॅशियम आणि फॉस्फरसही मुद्दाम कमी ठेवलेलं असतं.

इथे सांगोल्याच्या माणसाला डाळिंबाचा विचार करावाच लागतो. हा तालुका डाळिंबाच्या बागांवर उभा राहिला. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत डाळिंब नाही असं इकडे क्वचितच होतं. पण शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण २३५ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ५०० ते ६०० मिलिग्रॅम. ज्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साचतं त्याला दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून दोन-अडीच हजार मिलिग्रॅमच्या आसपास थांबायला सांगतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याची आधी चाहूल लागेलच असं नाही. कमी पोटॅशियमचा महागडा डबा आणून वर प्रेमाने शहाळं पाजलं, तर डब्याचा उपयोग शून्य होतो. 'डाळिंबाने रक्त वाढतं' या समजुतीतही फार दम नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असतं. फळ उत्तम आहे, निरोगी माणसाने जरूर खावं. रक्तवाढीसाठी मात्र त्यावर विसंबू नये.

मधुमेहासाठीच्या मिश्रणांत साखर हळू सोडणारे पिष्टमय पदार्थ, तंतू आणि चांगली स्निग्धं जास्त असतात. त्याने साखर कमी होत नाही, जेवणानंतर चढते ती जरा धिम्याने चढते, इतकंच. जेवून वर हा डबा घेतला तर साखर वाढणारच. यकृताच्या बाबतीत जुना सल्ला होता की प्रथिनं तोडा. आता तो मागे पडला आहे. सिऱ्होसिसच्या रुग्णाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणंही महत्त्वाचं मानतात, कारण अशा यकृतात रात्रभर पुरेल इतका साठा राहत नाही. त्यांच्यासाठी शाखायुक्त अमिनो आम्लांची वेगळी मिश्रणं असतात, पण ती सगळ्यांना लागत नाहीत.

गिळताना ठसका लागतो तेव्हा

पक्षाघातानंतर अनेकांना पाणी पिताना ठसका लागतो. पाणी पातळ असतं, चटकन घसरतं आणि श्वासनलिकेत जातं. त्यातून न्यूमोनिया होतो. यासाठी द्रव दाट करणारी पावडर मिळते. तिच्यात पोषण नसतं म्हटलं तरी चालेल, पण ती वैद्यकीय आहाराचाच भाग आहे.

दाटपणाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ० ते ७ अशी आहे. ० ते ४ पेयांसाठी, ३ ते ७ खाद्यांसाठी. मोजायला यंत्र लागत नाही, पुढे निमुळतं टोक असलेली दहा मिलिलिटरची सिरिंज पुरते. फक्त तिच्या शून्य ते दहाच्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं. सुई न लावता, दट्ट्या काढून, खालून बोट धरून ती दहापर्यंत भरायची. बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचं आणि पुन्हा बंद करायचं. आत एक मिलिलिटरहून कमी उरलं तर पेय पाण्यासारखं. १ ते ४ उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ पेक्षा जास्त उरलं तर तिसरी. काहीच वाहिलं नाही तर चौथी. कोणती पातळी हवी हे डॉक्टर किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ ठरवतात. ती कळली की नाचणीची आंबीलही याच सिरिंजने मोजता येते. आंबील थंड झाली की घट्ट होते, म्हणून ज्या वेळी पाजायची त्याच वेळी मोजावी.

आजाराचा टप्पा: जास्त दिलं तर वाईट

'खाऊन-पिऊन ताकद येईल' हा विचार एका ठिकाणी जिवावर बेतू शकतो. तीव्र कुपोषित मूल रुग्णालयात आलं की त्याला आधी जागतिक आरोग्य संघटनेचं एफ-७५ हे मिश्रण देतात. शंभर मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी आणि फक्त ०.९ ग्रॅम प्रथिनं. मूल स्थिरावलं, सूज उतरू लागली, भूक परतली की मग एफ-१००. शंभर किलोकॅलरी आणि २.९ ग्रॅम प्रथिनं. पहिल्याच दिवशी दुसरं दिलं तर उपासमारीने मंदावलेलं हृदय आणि मूत्रपिंड तो भार पेलू शकत नाहीत. हे मिश्रण डब्यातूनच यावं लागतं असंही नाही. भारतातल्या पोषण पुनर्वसन केंद्रांसाठीच्या सूचनांत दूध, साखर, तेल आणि दळलेले चुरमुरे यांपासून सुरुवातीचा आहार करण्याची कृती दिलेली आहे.

मोठ्या माणसांतही हेच घडतं. कर्करोगाने अन्ननलिका बंद झालेली आहे, दहा-बारा दिवस पोटात काही नाही, आणि नळी बसताच घरचे भरभरून देऊ लागतात. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम एकाएकी पेशींत ओढलं जातं आणि रुग्ण दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे प्रथम नोंदवलं. अशा रुग्णाला सुरुवातीला किलोमागे दिवसाला फार तर दहा किलोकॅलरी द्याव्यात, असं ब्रिटनची मार्गदर्शिका सांगते. चाळीस किलोच्या माणसाला ४००, म्हणजे आपल्या दोन-तीन भाकऱ्यांइतकंच. नंतर रक्त तपासत तपासत वाढवायचं.

क्षयरोगात मात्र खास डब्याची गरज बहुतेकांना नसते, अन्नाची असते. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरी तांदूळ, डाळीसारखा शिधा दर महिन्याला दिला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. त्या पैशांत एखादा फॅन्सी डबा घेण्यापेक्षा अंडी, शेंगदाणे, डाळ आणि दूध घेतलेलं कधीही बरं.

ज्यांना डबा हेच औषध आहे

वरच्या बहुतेक रुग्णांना डब्याऐवजी विचारपूर्वक केलेलं घरचं अन्न चालू शकतं. एका गटाला चालत नाही. फेनिलकीटोनुरियासारख्या जन्मजात चयापचय विकारात बाळाचं शरीर एखादं अमिनो आम्ल मोडू शकत नाही. ते साचून मेंदूला इजा करतं. डाळ, दूध, अंडं, सगळ्या प्रथिनांत ते असतं. आईचं दूधही मोजून द्यावं लागतं. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथे हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी हे अमिनो आम्ल वगळलेल्या आहाराचा परिणाम प्रसिद्ध केला. आजारानुसार घडवलेल्या आधुनिक आहाराची सुरुवात बहुधा तिथूनच मोजावी लागेल.

भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात असे विकार स्वतंत्रपणे नोंदवले आहेत. धोरणाखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून रुग्णाला मदत मिळू शकते, आणि महाराष्ट्रात मुंबईचं केईएम रुग्णालय असं केंद्र आहे. सांगोल्याहून मुंबई लांब आहे खरी. पण तान्हं बाळ वारंवार सुस्त होत असेल, उलट्या करत असेल, लघवीला किंवा अंगाला विचित्र वास येत असेल तर तपासणीला उशीर करू नये.

डब्यांच्या रांगेतले उपरे

जुलाबात देतात ते ओआरएस हा अन्नाचा नव्हे, औषधाचा विषय आहे. त्यातलं ग्लुकोज आणि मीठ यांचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलं आहे: एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. बराच काळ नावात 'ओआरएस' असलेली गोड पेयं त्याच फळीवर विकली जात होती. त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अन्नपदार्थांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. जुना माल कुठे दिसलाच तर घटक वाचून खात्री करावी.

गव्हातलं ग्लूटेन न चालणाऱ्या सीलिॲक रुग्णांसाठी 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं पीठ मिळतं. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असेल तरच तसं लिहिता येतं. सांगोला-मंगळवेढा पट्ट्याला त्याची काय गरज, ज्वारी-बाजरीत ग्लूटेन नसतंच! पण खोच गिरणीत आहे. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली तर पिठात गहू येतो. घरघंटी फक्त ज्वारी-बाजरीसाठी ठेवणं हा यावरचा साधा उपाय.

नळीतून देताना

नळीच्या रुग्णाला घरी आणलं की वर्गवारीइतकीच स्वच्छता महत्त्वाची होते. पावडर उकळून थंड केलेल्या पाण्यात कालवावी, आणि पिशवीत लटकवलेलं मिश्रण चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर संपवावं. घोटलेलं घरचं अन्न बारीक गाळूनच घालावं, नाहीतर नळी तुंबते. औषधाची गोळी मिश्रणात कुटून टाकू नये. ती वेगळी, पाण्याबरोबर द्यावी, आणि आधी-नंतर नळी पाण्याने धुवावी. काही गोळ्या कुटायच्याच नसतात, ते आधी विचारून घ्यावं.

दुकानात जाताना डिस्चार्जचा कागद आणि अलीकडचा रक्ताचा अहवाल बरोबर न्यावा. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: दिवसाला किती किलोकॅलरी, किती ग्रॅम प्रथिनं, आणि पाणी, मीठ किंवा पोटॅशियम यांवर काही बंधन आहे का. हे आकडे हातात असले की डब्यामागचा तक्ता घरातलं दहावी शिकलेलं कुणीही पडताळून पाहू शकतं.